राखीव घर

वैनतीर पारेषण कंपनीला एक आवाज हवा होता. गोड हवा होता, पण विमा विकायला फोन करणाऱ्या मुलींइतका गोड नको होता. नागपूरच्या मुख्यालयात त्यासाठी बैठकांवर बैठका झाल्या, मुंबईहून दोन निवेदिका येऊन, मानधन घेऊन परत गेल्या. शेवटी एका बैठकीत लोकसहभाग विभागातल्या तनुश्री झाडेने सगळ्यांना विचारलं, "चहा झाला ना तुमचा?" आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की आवाज तर घरातच आहे.

तनुश्री चंद्रपूरकडच्या सोनबर्डीची. शिकली नागपुरात, नोकरीही तिथेच, पण बोलण्यातला गावाकडचा ओलावा काही गेला नव्हता. तिचं काम गावोगाव फिरण्याचं. विजेच्या मनोऱ्यांखालची झाडं छाटू द्या, तारांजवळ पतंग उडवू नका, शेतात मनोरा उभा राहतोय तर त्याला दगड मारू नका, हे सगळं लोकांना न चिडवता सांगायचं. ते तिला छान जमे. एका बंद खोलीत बसून तिने आठवडाभर वाक्यं वाचली आणि त्यानंतर यंत्राला तिच्या आवाजात काहीही बोलता येऊ लागलं. तिला त्याबद्दल प्रमाणपत्र मिळालं. तिच्या आईला मात्र जे मिळालं ते प्रमाणपत्राहून मोठं होतं. कुंदाबाईंनी महिनाभर गावात दुसरा विषय काढला नाही.

कुंदाबाई झाडे म्हणजे निवृत्त अंगणवाडीसेविका आणि महिला बचत गटाच्या अध्यक्षा. सोनबर्डीत सरपंच बदलत, कुंदाबाई बदलत नसत. नवरा लवकर गेला. त्यानंतर एकटीने पोरगी वाढवली आणि ते कोणाला विसरूही दिलं नाही. लसीकरणाला रांग लावायची असो की कोणाच्या सुनेचं भांडण मिटवायचं असो, त्या कमरेला पदर खोचून पुढे. त्यांचं ऐकणं गावाच्या अंगवळणी पडलं होतं.

आता थोडं तारेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते तिच्यामुळे.

उंच मनोऱ्यांवरून वीज वाहून नेणारी तार अ‍ॅल्युमिनियमची असते. तिच्यातून वीज गेली की ती तापते, तापली की लांबते आणि लांबली की दोन मनोऱ्यांच्या मधोमध झोळ पडतो. दोरीवर ओली गोधडी टाकली की दोरी खाली येते, तसा. हिवाळ्यात वारा तिला निववतो, तेव्हा तिच्यातून भरपूर वीज नेता येते. पण हवाच अठ्ठेचाळीस अंशांची असेल तर तार निवणार कशाने? झोळ वाढत जातो, तार खालच्या बाभळीच्या शेंड्याजवळ येते, ठिणगी उडते आणि लाइन आपोआप बंद पडते. तिचा भार शेजारच्या लाइनवर जातो. तीही आधीच तापलेली असते, तीही पडते. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात असंच एकामागून एक होत अख्खा विभाग बंद पडला होता. त्या उन्हात किती माणसं गेली याचा आकडा सरकारने दोनदा बदलला.

म्हणजे ज्या दिवशी लोकांना वीज सर्वांत जास्त हवी, नेमकी त्याच दिवशी तार सर्वांत कमी वीज नेणार. उन्हाळे तर दरसाल लांबतच चालले होते. मार्चमध्येच पारा पंचेचाळीसला टेकायला लागला होता.

त्यावर उपाय निघाला. तारांवर ताप आणि झोळ मोजणारी यंत्रं बसली, आणि घराघरांत असे मीटर आले की नागपुरात बसून एकेका घराची लाइन बंद-चालू करता यावी. पूर्वी लाइन जायची ती अख्ख्या गावाची, दवाखान्यासकट. आता प्रत्येक गावाला रोज एक वाटा मिळणार होता. त्या वाट्यात कोणाचा कूलर फिरेल आणि कोणाचा नाही हे ठरवता येणार होतं. ठरवायचं कोणी? कंपनी म्हणाली, लोकांनीच. जी संगणकप्रणाली लोकांना विचारून हे ठरवणार होती, तिचं नाव 'सहमती'.

सहमती रोज सकाळी घरोघर फोन करी. तनुश्रीच्या आवाजात म्हणे, "नमस्कार काकू, मी वैनतीरमधून बोलतेय. आज दुपारी थोडा वेळ लाइन बंद ठेवली तर चालेल का?" उत्तर आलं की ते ऐकून, त्यातला सूरही जोखून, ती मनाशी टिपून ठेवी. ज्याला लाइन गेल्याचा त्रास कमी, त्याची आधी काढायची. ज्या गावाला त्रास कमी, त्याचा वाटा आधी कापायचा. विचार तसा न्यायाचाच होता. तो करणारी माणसंही वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यांचा राग येणार आहे.

चुकलं ते एका शब्दात. 'चालेल' म्हणजे माणसाची हरकत नाही, असं यंत्राला शिकवलं होतं. आपल्याकडे हा शब्द कधी वापरतात ते काय सांगायचं? चहात साखर कमी पडली तरी चालतं. आहेरात सुती साडी आली तरी चालतं. पाहुण्यांना पलंग देऊन आपण पाठदुखीसकट जमिनीवर झोपलो तरी चालतं. कोणाचं काही खरंच चालत असतं म्हणून नव्हे. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून. नागपुरातल्या बंगल्यांतून उत्तर येई की अजिबात चालणार नाही, तुमच्या साहेबांचा नंबर द्या. यंत्राने तेही शिकून घेतलं.

सोनबर्डीत पहिला फोन आला तेव्हा कुंदाबाई तो सगळ्यांना ऐकवत फिरल्या. बोलणारं यंत्र आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, त्या काही खुळ्या नव्हत्या. पण आवाज पोरीचा होता. त्यांनी गटाची बैठक बोलावली आणि बायकांना बजावलं, "हे पाहा, तनूच्या कामाले कोनी नाई म्हनाचं नाई. तिकडं साहेबलोक पाहून रायले, कोन्या गावानं किती साथ देल्ली ते. चालते म्हनाचं, हासून म्हनाचं."

बायका हसून म्हणू लागल्या. यंत्राला तो हसरा सूर फारच पटला.

शेजारच्या शालूकाकू ठेंगणे तेवढ्या थट्टा करत. म्हणत, कुंदाबाई, तुमची पोरगी रोज सकाळी मले काकू म्हनते, पन चहाले काई येत नाई. शालूकाकूंचा नवरा वामन अर्धांगवायूने बरीच वर्षं खाटेवर होता. बोलणं गेलं होतं, उजवी बाजू गेली होती. त्याला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, सगळं शालूकाकूंवर. तनुश्री लहान असताना कुंदाबाई अंगणवाडीत असत, तेव्हा दुपारचं जेवण तिला वामनकाकाच भरवत, भाताचे लाडू करून. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

सहमतीने सुरुवातीला प्रत्येक घराला आणखी एक प्रश्न विचारला होता: घरात कोणी आजारी आहे का? शालूकाकू म्हणाल्या, "नाई, बरे हायेत ते." नवरा आजारी आहे, असं सकाळच्या पारी, तेही फोनवर, कोण बाई आपल्या तोंडाने म्हणेल? सोनबर्डीत तरी कोणी म्हणालं नाही. यंत्राच्या हिशेबी अख्खं गाव ठणठणीत होतं.

एप्रिलमध्ये सोनबर्डीला 'सहभागी ग्राम' पुरस्कार मिळाला. कंपनीने शाळेची भिंत रंगवून दिली, छपरांना लावायला पांढरा रंग दिला, मीठ-साखरेच्या पुड्या वाटल्या. समारंभ समाजमंदिरात होता. सूत्रसंचालन तनुश्रीचं. खुर्च्या गच्च भरल्या आणि पंखे बंद पडले, कारण त्या दिवशीही सकाळी गावाने चालते म्हटलं होतं. व्यवस्थापकीय संचालक रुमालाने मान पुसत म्हणाले, याला म्हणतात खरा सहभाग. सगळे हसले. तनुश्रीही हसली. कुंदाबाई व्यासपीठावर शाल घेऊन बसल्या होत्या, त्या उकाड्यात शाल काढून ठेवावी असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

मे उजाडला आणि हसण्यासारखं काही उरलं नाही.

पारा एकोणपन्नासवर गेला आणि तिथेच बसला. रात्रीही भिंती निवेनात. आपलं शरीर घामावर जगतं, घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण घाम करायला पाणी लागतं, मीठ लागतं आणि ते सगळं अंगभर फिरवायला हृदयाला जोरात पळावं लागतं. तरुणांचं पळतं. म्हाताऱ्यांचं काही तास पळतं आणि मग थकतं. तोवर माणसाला तहान लागल्याचंही कळेनासं होतं, थोडं गरगरतं, झोप येतेसं वाटतं. अशा कोरड्या उन्हात कूलर ही चैन नसते. सिमेंटच्या छताखालच्या बंद खोलीत माणूस संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही, हे तो कूलर ठरवतो.

एके दिवशी कुंदाबाईंनी फोनवर गंमत म्हणून सांगितलं की काल त्या चुलीपाशी चक्कर येऊन पडल्या. लाइन नव्हती. शालूकाकू विरजण मागायला आल्या म्हणून बरं. त्यांनी ओढत ओसरीत आणलं, ओल्या लुगड्याने गुंडाळलं, साखरमीठ पाजलं. "शालूनं तं मले भिजवलं नुस्तं," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांची जीभ मधूनमधून जड होत होती. रक्तदाबाची गोळी त्या कित्येक वर्षं घेत होत्या.

तनुश्रीने फोन ठेवला. तिने नकाशा उघडला. सोनबर्डीत रोज लाइन जायची तेवढी विभागातल्या दुसऱ्या कोणत्याच गावात जात नव्हती. सकाळी दहाला जाई, ती संध्याकाळी. थोडा वेळ म्हणता म्हणता सगळा दिवस झाला होता आणि तिला ते आज कळत होतं.

सहमती ज्यांनी उभी केली ते शंतनू देवस्थळी वरच्या मजल्यावर बसत. सभ्य माणूस, आवाज कधी चढायचा नाही. तनुश्रीने त्यांना सांगितलं की आमच्याकडे चालते म्हणजे चालत नसतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, वहीत लिहिलंही. म्हणाले, मुद्दा फार महत्त्वाचा आहे, पावसाळ्यात आपण तो शब्द यंत्राला नव्याने शिकवू. आत्ता भर हंगामात अर्थ बदलला तर हजारभर गावांचे वाटे एका रात्रीत हलतील, तारा ते झेलतील याची खात्री नाही, आणि सगळंच बंद पडलं तर दवाखानेही जातील. तनुश्रीला त्यांना खोटं पाडता येईना. तारेचं गणित तिलाही येत होतं.

"तोवर काय करायचं, सर?"

"तोवर तुमच्या अधिकारात राखीव घर आहे की," देवस्थळी म्हणाले.

प्रत्येक गावात एक घर राखीव ठेवायची मुभा होती. एखादा रुग्ण असेल, ज्याचं लाइनवाचून भागणारच नाही, त्याच्यासाठी. लोकसहभाग अधिकाऱ्याने ते घर निवडायचं आणि पाऊस येईपर्यंत त्या घराची लाइन जाणार नाही. सोनबर्डीचं राखीव घर अजून मोकळं होतं, कारण सोनबर्डीत कोणी आजारीच नव्हतं.

तिने आईला दोनदा फोन केला. आधी म्हणाली, नागपूरला ये. कुंदाबाई म्हणाल्या, मंग गट कोन पाह्यन? मग म्हणाली, निदान उद्यापासून सकाळच्या फोनला नाही म्हण, सगळ्यांना नाही म्हणायला सांग. कुंदाबाई चक्क हसल्या.

"तुह्या आवाजाले मी नाई म्हनू? आन् मंग तुले साहेब काय म्हनतीन, हिच्या गावानंच हिले पाडलं? ते नाई होत माह्यानं."

"आई, तो माझा आवाज नाही. मशीन आहे ते."

"हाव, माईत हाय मले," त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.

तनुश्रीने राखीव घराचं पान उघडलं. वामनकाकांचं नाव तिच्या मनात आलं नाही असं नाही. पहिलं तेच आलं. मग चुलीपाशी पडलेली आई आली, आणि मग दुसरं काही येईना. तिने आईच्या घराचा क्रमांक भरला. यंत्र प्रामाणिक होतं, तिने बटण दाबण्याआधी त्याने विचारलं. गावाचा वाटा वाढणार नाही, या घराची वीज त्याच फेजवरच्या शेजारच्या घरातून घेतली जाईल: शालिनी वामन ठेंगणे. बंद राहण्याचा काळ वाढेल. पुढे जायचं?

शालूकाकू धडधाकट आहे, तनुश्रीने स्वतःला समजावलं. परवा आईला तिनेच तर ओढत आणलं. आणि आईकडे कूलर फिरत असला की दोघंही तिथे येऊन बसतील, मधे भिंतच काय ती आहे. आपण उद्या फोन करून तसं सांगू. तिने बटण दाबलं. आई वाचली याचा आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची तिला किळस येत होती. दुसऱ्या दिवशी यवतमाळकडे एक मनोरा कोसळला, ती तिकडे पळाली आणि फोन राहून गेला.

कुंदाबाईंच्या घरची लाइन जायची थांबली. त्यांना वाटलं, पुरस्काराचं फळ असेल. त्यांनी शालूकाकूंना रोज हाक मारली, माह्याकडं येऊन बस. पण वामनला हलवायचं तर खाटेसकट चार माणसं लागत, आणि त्या उन्हात दुपारी चार माणसं दाराबाहेर काढणार कोण? त्याला सोडून एकटीने गारव्यात जाऊन बसणं शालूकाकूंना जमलं नाही. त्या म्हणत, हो येतो ना, यांचं आंग पुसून येतो. आल्या एकदाही नाहीत.

शालूकाकू वारल्या त्या दिवशी गावात उष्म्याने आणखी एक म्हातारा गेला, पण त्याला निदान डॉक्टरने पाहिलं. शालूकाकूंना संध्याकाळी कुंदाबाईंनीच पाहिलं. वामनच्या खाटेला टेकून बसल्या होत्या, हातात ओलं फडकं. वामन नखशिखांत भिजलेला होता आणि जिवंत होता. घरातलं सगळं पाणी त्यांनी त्याच्या अंगावर घातलं होतं. माठ कोरडा, कळशी कोरडी. नळाला पाणी नव्हतं, कारण पंपालाही लाइन लागतेच. स्वतः त्या शेवटचं पाणी कधी प्यायल्या, कोण सांगणार?

तनुश्री दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. ऊन चढायच्या आत अंत्यविधी उरकायचा म्हणून घाई चालली होती. बायका शालूकाकूंच्या ओसरीत बसल्या होत्या. तिला पाहून कोणी उठलं नाही, कोणी ये बाई म्हटलं नाही. त्यांचे डोळे तिच्यावरून कुंदाबाईंच्या घराकडे जात आणि परत येत. तिथला कूलर घरघरत होता. सगळ्या गल्लीत तेवढा एकच आवाज होता.

लोक स्मशानातून परतल्यावर कुंदाबाईंनी तिला घरात बोलावलं आणि दार लोटलं. आधी त्यांनी कूलर बंद केला. मग विचारलं, "माह्या घरची लाइन काहून जात नोयती?"

खोटं बोलायला जागा होती. पुरस्कार होता, यंत्र होतं, फेज होती. तनुश्रीने खोटं सांगितलं नाही. तू पडलीस म्हणून मी हे घर राखीव केलं, ती म्हणाली.

"मंग माह्यासाठी लाइन आली कुठून?"

"शालूकाकूंच्या घरची."

कुंदाबाई खाली बसल्या. भिंतीला टेकल्या नाहीत, नुसत्या बसल्या. मग त्यांनी पुढचं विचारलं, आणि ते विचारू नये म्हणून तनुश्रीने मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले होते.

"तुले माईत होतं? आधी?"

"हो. दिसत होतं तिथं. नाव दिसत होतं."

कुंदाबाईंनी आरडाओरडा केला नाही, तिला मारलं नाही, घरातून जा म्हटलं नाही. यातलं काहीही त्यांनी केलं असतं तर तनुश्रीला बरं वाटलं असतं. त्या उठल्या, पीठ काढलं आणि भाकरी थापायला बसल्या. मौत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं आणि घरच्या माणसाला कडू घास भरवायचा, ही तिकडची रीत. शालूकाकूंचा सख्खा शेजार म्हणजे कुंदाबाई. पिठलं-भाकरीची परडी त्यांनी फडक्याने झाकली. दाराशी थांबून, मागे न पाहता, त्या पोरीला म्हणाल्या, "तू काई बोलू नोको. अजिबात काई बोलू नोको."

ओसरीत बायका तशाच बसल्या होत्या. कुंदाबाईंनी परडी खाली ठेवली आणि अंगणवाडीत हजेरी घेत त्या आवाजात म्हणाल्या, "समद्याइनं आयका. माह्या घरची लाइन मी मागून घेतली. कंपनीले मी सांगतलं, माह्याच घरची ठेवा. शालूच्या घरची तोडून मले देल्ली त्याइनं. पोरीले काई माईत नाई यातलं."

एक बाई उठली, तिने पदर सावरला आणि चपला शोधल्या. तिच्यामागे दुसरी. ज्यांना कुंदाबाईंनी चालते म्हणायला शिकवलं होतं, त्या सगळ्या एकेक करून त्यांच्याकडे न बघता पायऱ्या उतरल्या. शेवटची जाताना हळूच म्हणून गेली की आमाले चालते म्हनाले लावलं आन् सोताची लाइन ठेवली. ते कुंदाबाईंना ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणाल्यासारखी.

तनुश्री मागोमाग येऊन दारात उभी होती. तिच्या घशाशी शब्द आला होता. तो आता बाहेर काढायचा, पुढच्या क्षणी काढायचा, असं म्हणता म्हणता ओसरी रिकामी झाली.

आत वामनकाका खाटेवर होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. बोलणं गेलं होतं, कान शाबूत होते. कुंदाबाई परडी घेऊन त्यांच्या उशाशी बसल्या. भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला, फुंकर घातली आणि त्यांच्या ओठांशी नेला. इतकी वर्षं जो कोणी घास पुढे करील त्याला तोंड उघडणाऱ्या त्या माणसाने ओठ घट्ट मिटले. कुंदाबाईंनी थोडं थांबून पुन्हा नेला. त्यांनी मान जेवढी वळत होती तेवढी भिंतीकडे वळवली. पिठलं त्यांच्या गालाला लागलं आणि उशीवर ओघळलं.

कुंदाबाईंनी ते पदराने पुसलं. मग त्या बाजूला सरकल्या आणि घास तनुश्रीच्या हातात दिला.

ती खाटेच्या काठावर बसली आणि तिने नुसतं "काका" म्हटलं. त्या आवाजाला वामनकाकांनी मान वळवली. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चांगला हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला, आणि तोंड उघडलं.

तनुश्रीने आईकडे बघितलं. कुंदाबाई परडीतल्या भाकरीचे तुकडे करत होत्या, लहान लहान, दात नसलेल्या माणसाला चावता येतील असे. तनुश्रीने पहिला घास भरवला, आणि काकांनी तो गिळेपर्यंत थांबून दुसरा घ्यायला आईपुढे हात केला.